योव्नाच्या गाडीचा शॉकअप

ही घडलेली गोष्ट आहे. याच जानेवारीतली. आणि अजून संपलेली नाही.

तेनो नदीचा फिनलंडकडचा काठ. वाडीतलं अगदी शेवटचं घर. जानेवारीची नऊ तारीख, सकाळचे दहा.

सकाळच होती. पण नोव्हेंबरअखेर गेलेला सूर्य अजून परतायचा होता. दक्षिणेला डोंगराच्या कडेवर थोडा निळसर उजेड, बाकी सगळा अंधार. पारा उणे चौतीसवर.

इंग्गा शेडमध्ये शेगडी पेटवून वडिलांची गाडी उघडत होती.

बर्फावर चालणारी ती गाडी योव्नाने, तिच्या बाबांनी, सव्वीस वर्षं रेनडिअरच्या कळपामागे पळवली. गेल्या फेब्रुवारीत तिनेच त्यांचा जीव घेतला. पहाटे एकटे निघाले होते. वाऱ्याने दगडासारख्या झालेल्या बर्फाच्या वरंब्यावर गाडी उसळली, ते फेकले गेले आणि मांडीचं हाड मोडलं. गाडी पुढे जाऊन बर्चच्या झुडपात अडकली. तिला ओरखडासुद्धा नव्हता.

ते सरपटत घराकडे निघाले.

दोन किलोमीटर आले.

संध्याकाळी माणसांना सापडले, तेव्हा त्यांचे रेनडिअरच्या कातड्याचे हातमोजे तळव्याशी झिजून आरपार झाले होते.

त्या पहाटे हेआइका त्यांच्याबरोबर जायचा होता. इंग्गाचा धाकटा भाऊ. तो आदल्या रात्री प्यायला होता आणि उठलाच नाही.

आईने त्या दिवसापासून त्याच्याशी बोलणं टाकलं. जे बोलायचं ते इंग्गाच्या तोंडून. "त्याला सांग, लाकडं संपलीत." तो समोरच बसलेला असायचा. जेवण त्याला सगळ्यांत शेवटी. कॉफी निवलेली. एकदा त्याने स्वतःच किटलीला हात घातला, तर आई भिंतीकडे बघत म्हणाली, "झोपेने ज्याचा बाप खाल्ला, त्याला जागं राहायला कॉफी कशाला?"

हेआइकाने किटली खाली ठेवली.

अकरा महिने तो हे गिळत होता. आणि अकरा महिने इंग्गा शेजारी बसून जेवत होती.

खरी गोष्ट फक्त तिला माहीत होती.

घरातल्या गाड्यांचे झिजलेले शॉकअप उघडून नवे करायचं काम तिचं. बाबांनीच शिकवलेलं. त्याआधीच्या शरद ऋतूत तिने या गाडीचा मागचा, सीटखालचा शॉकअप उघडला. सील बदललं, दांडी घासून चकचकीत केली. पातळ ऑइल संपलं होतं. दुकान नव्वद किलोमीटरवर. फळीवर चार चाकांच्या बाइकसाठी आणलेलं ऑइल होतं. लाल, जाड, उन्हाळ्यातलं.

तिने तेच भरलं.

बाबांचा एक नियम होता. नवा केलेला शॉकअप एक रात्र बाहेर बर्फात ठेवायचा आणि सकाळी हाताने दाबून बघायचा. "उबेत सगळेच मऊ असतात," ते म्हणायचे, "माणसंसुद्धा."

तिने बाहेर ठेवला नाही. शेगडीपाशी दाबून बघितला. छान हलला.

त्या पहाटे थंडी उणे अडतीसवर गेली, तेव्हा ते ऑइल आत गोठल्यासारखं घट्ट झालं असणार. शॉकअप ओंडक्यासारखा. वरंबा आला, आणि सीटने म्हाताऱ्याला उचलून फेकलं.

आज दुपारी दोनला हेआइका याच गाडीवरून निघणार होता. त्याच्या गाडीचं इंजिन बसलं होतं आणि कळप वर डोंगरात होता. तो निघायच्या आत ऑइल बदलायचं, गुपचूप. एवढंच तिने ठरवलं होतं. सांगायचं नव्हतंच.

हेआइका दारात डोकावला.

"काय गं, अजून पोट फाडूनच बसलीयेस हिचं?"

"तू तुझी गाडी मारलीस म्हणून हिचं फाडावं लागतंय."

"मी नाही मारली. तिने आपणहून प्राण सोडला."

"तुझ्या हाती लागलेलं सगळं आपणहूनच प्राण सोडतं."

बोलून गेली आणि तिची तिलाच लाज वाटली. तो मात्र हसला. "हे आईचं वाक्य आहे. चोरलंस म्हणून रागावेल तुझ्यावर."

"जा, खाऊन घे."

"हा शॉकअप तूच केलेला आहे ना? मग परत कशाला उघडतेस?"

"वर्ष झालं. सील गेलं असेल."

तो गेला. तिने शॉकअप पकडीत आवळला, आतला गॅस सोडला, तोंड उघडलं आणि ऑइल डब्यात ओतलं.

लाल. काकवीसारखं, लोंबत पडणारं.

तिने नळी आतून तीनदा पुसली. पातळ ऑइल भरलं, पाण्यासारखं, निळसर. दांडी हळूहळू वरखाली करत हवेचा शेवटचा बुडबुडा काढला. गॅस भरला, तोंड बंद केलं. आणि या वेळी नियम पाळला. रात्रभर नाही, पण तासभर तरी बाहेर बर्फात ठेवला.

तासाने जाऊन दोन्ही हातांनी दाबला.

हलला नाही.

सगळा भार टाकून दाबला...

नाही.

आत आणून उघडला.

आतून लाल ऑइल आलं.

तिला वाटलं, आपलंच चुकलं. शोकात माणसाचं डोकं कुठे ठिकाणावर असतं. पण बाकावर निळसर ऑइलचा डबा होता, आणि तो अर्ध्यावर आला होता. लाल ऑइल तर शेडमध्ये शिल्लकच नव्हतं. त्याचा डबा तिने बाबांच्या अंत्यविधीच्या आदल्या दिवशी फेकून दिला होता.

तिने पुन्हा पुसलं. पुन्हा भरलं. या वेळी मोठ्याने बोलत. "निळं भरतेय. निळं."

बाहेर कुत्रा बांधलेला होता. पान हललं तरी भुंकणारा. तो मघापासून गप्प होता.

आणि मग आवाज आला.

खर्रर्र...

बर्फावरून काहीतरी ओढल्यासारखा. मग शांतता. एका श्वासाएवढी.

खर्रर्र...

शेडच्या मागच्या बाजूने. सावकाश. दोन्ही हात पुढे रोवायचे, अंग ओढायचं, थांबायचं. तिला तो आवाज कधी ऐकायला मिळाला नव्हता. पण तो कसा असेल, हे ती अकरा महिने रोज मनात ऐकत होती.

आवाज दाराशी येऊन थांबला.

दाराच्या खालच्या बाजूला, गुडघ्याच्याही खाली, काहीतरी घासलं.

घड्याळात बारा वाजले होते.

तिने दार उघडलं. बाहेर कुणी नव्हतं. बर्फावर तिची स्वतःची पावलं, हेआइकाची पावलं, बस. कुत्रा नाक शेपटीत खुपसून पडला होता. जागा होता. तिच्याकडे बघत नव्हता.

तिने शॉकअप बाहेर ठेवलाच नाही. नुकताच बंद केलेला, लगेच उघडला.

लाल.

आणि त्या लालमध्ये काहीतरी तरंगत होतं. तिने बोटाने काढून दिव्याखाली धरलं. चार-पाच आखूड, राखाडी केस. रेनडिअरच्या कातड्याचे. झिजून तुटलेले.

तिने हात पुसले आणि घरात गेली.

हेआइका टेबलाशी मांसाचा रस्सा खात होता. आई त्याच्याकडे पाठ करून खिडकीशी उभी. इंग्गाने दारातच उभं राहून सांगून टाकलं. ऑइल कुठलं होतं, का भरलं, बाहेर ठेवलं नाही, सगळं.

"बाबा माझ्यामुळे पडले. हा बरोबर असता तरी पडलेच असते."

हेआइकाचा चमचा थांबला.

आई वळली. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं.

"बस," ती म्हणाली. "दारात उभी राहू नकोस."

"आई, ऐकलंस का मी काय बोलले?"

"अकरा महिने लागले तुला."

शेगडीत लाकूड फुटलं.

"त्या दिवशी बाराला हे आले होते," आई म्हणाली. "त्या खुर्चीत बसले. टोपीसुद्धा काढली नाही. म्हणाले, पोरीचं ऑइल जाड होतं गं. तू तिला बोलू नकोस, ती आपणहून सांगेल. मी कॉफी ओतायला वळले. परत बघते तर खुर्ची रिकामी. दार वाजलंच नाही."

त्या दिवशी माणसं शोधायला निघाली चार वाजता. डॉक्टरांनी नंतर सांगितलं होतं, जीव अकराच्या आतच गेला असणार.

"म्हणजे तुला माहीत होतं," हेआइका म्हणाला. "पहिल्या दिवसापासून."

अकरा महिन्यांत आई पहिल्यांदा त्याच्याकडे बघून बोलली. "होतं."

"मग मला का?"

"ते बोल तुला नव्हते. तिच्यासमोर बोलत होते. किती दिवस तिला घास उतरतो, ते बघायचं होतं."

हे ती रागाने म्हणाली नाही. रश्शात मीठ कमी आहे, असं सांगावं तसं म्हणाली.

"बाहेर आवाज आला मघाशी," इंग्गा कशीबशी म्हणाली.

"रोज येतो. बाराला. सरपटत दाराशी येतात, आणि थांबतात. मी उघडत नाही. त्यांचं माझ्याकडे काम नाही." आईने तिला नीट न्याहाळलं. "तुला आधी कधीच ऐकू आला नाही?"

"नाही. आज पहिल्यांदा."

"मग मला वाटायचं तेवढी तू निर्दय नाहीस. मला वाटायचं, ऐकूनही जेवतेस."

हेआइका उठला. शेडमध्ये गेला. त्यानेच शॉकअप भरला, बंद केला, बर्फात ठेवला. इंग्गा दारातून बघत होती. तासाने त्याने तो एका हाताने दाबला. लोण्यात बोट जावं तसा आत गेला. म्हणजे आत निळसर ऑइलच राहिलं होतं.

त्याने तो बसवला, गाडीवर सामान बांधलं. निघताना फक्त एवढंच म्हणाला, "अकरा महिने, इंग्गा."

तो डोंगरातल्या झोपडीवर सुखरूप पोचला. घरापासून अडतीस किलोमीटर.

खरं बोलून झालं होतं. आता बाराला कुणी यायचं कारण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दोघी टेबलाशी बसून राहिल्या. पावणेबारा. बारा.

खर्रर्र...

इंग्गाने आईचा हात धरला. आईने तो धरू दिला.

आवाज दाराशीच सुरू झाला होता. पण तो जवळ येत नव्हता... लांब जात होता. अंगणातून, नदीच्या उलट बाजूला. डोंगराकडे.

"कुठे चाललेत?" इंग्गाने विचारलं.

आईने तिकडच्या रीतीने कॉफीत चीजचे तुकडे टाकले. ते मऊ होऊ दिले. मग म्हणाली, "तुझं झालं ना सांगून."

तिसऱ्या दिवशी घराजवळ काहीच ऐकू आलं नाही. चौथ्या दिवशी इंग्गा स्की लावून हेआइकाच्या गाडीच्या खुणेवरून निघाली. सहा किलोमीटरवर, वाटेची खूण म्हणून रोवलेल्या काठीपाशी थांबली. बारा वाजले. आवाज तिच्या पुढून आला. अंधारात, वीसेक पावलांवर. ओढणं, थांबणं, ओढणं. ती पुढे गेली नाही. हाकही मारवली नाही. आवाज थांबल्यावर जाऊन बघितलं, तर बर्फावर गाडीच्या पट्ट्याच्या ठशाशिवाय कसलीच खूण नव्हती.

घरी येऊन तिने सांगितलं. आईने मान हलवली.

"दिवसाला दोन किलोमीटर. त्याहून जास्त त्यांना जमलंच नाही कधी."

अडतीस किलोमीटर. हेआइकाच्या झोपडीपर्यंत एकोणीस दिवस. हिशेब दोघींनी केला.

हेआइका तिचा फोन उचलत नव्हता. बाराव्या दिवशी उचलला. झोपडीवर रेंज नाही, तो टेकडीवर आला असणार. मागे वारा घोंगावत होता.

"बोल."

"हेआइका, तुझं काही सांगायचं राहिलंय का? त्या पहाटेचं?"

"काय राहणार? मी झोपलो होतो."

"बरं."

बराच वेळ नुसता वारा. तिला वाटलं, फोन बंद झाला.

"बाबांनी मला उठवलं होतं का, असं विचारायचंय ना तुला?" तो म्हणाला. "मी जागा होतो का, असं?"

"मी हे विचारलं नाही."

मग फोन खरंच बंद झाला. त्यानंतर लागलेला नाही.

इंग्गाने स्कीला मेण लावायला घेतलं. उद्या पहाटे निघाली तर परवा संध्याकाळपर्यंत पोचेल. आवाजाच्या आधी.

आई शेजारी येऊन बसली. थोडा वेळ तिचे हात बघत राहिली.

"जाऊन काय सांगणार त्याला? दार उघडू नकोस म्हणून?"

इंग्गा मेण लावत राहिली.

"की उघड म्हणून?"