आजोबांच्या काळ्या कोटावरचे तंतू

कपडा धुतला की स्वच्छ व्हायला हवा. मग आजोबांचा काळा कोट धुण्याआधी काळा आणि धुतल्यावर करडा, असं का झालं?

ऋजुताने कोट दिव्याखाली धरला. बाह्या, कॉलर, पाठ, सगळीकडे बारीक पांढरे तंतू. संध्याकाळी चांद्रवस्तीच्या सभागृहात तिच्या आजोबांचं, म्हणजे केशवबुवांचं, कीर्तन होतं. चंद्रावरचं पहिलंच. यानात सामान मोजकंच आणता येतं, त्यामुळे टाळ, चिपळ्या आणि कपड्यांचा एकच जोड आला होता. तो धुऊन ठेवते, असं ऋजुताच आपणहून म्हणाली होती.

तिने प्लास्टिकचा ब्रश घेतला आणि कोट खसाखसा घासला. तंतू उडाले, हवेत तरंगत राहिले, कारण चंद्रावर गुरुत्वाकर्षण कमी. मग सावकाश खाली आले आणि पुन्हा कोटालाच चिकटले.

"थांब ताई," धुलाईघराचा यंत्रमानव फेनू म्हणाला. "जितकं घासशील तितका तो तंतू ओढेल."

"का पण?"

"कोट कशाचा आहे? टेरिकॉटचा. त्यात कृत्रिम धागा आहे. तो कोरडा असताना घासला की त्यावर स्थिर विद्युत (घर्षणाने साचून राहणारा विद्युतभार) तयार होते. केसांतून फिरवलेला कंगवा कागदाचे कपटे उचलतो ना, तसाच हा कोट तंतू उचलतो. हवेत ओलावा असता तर तो भार निघून गेला असता. आपल्या वस्तीतली हवा मुद्दाम कोरडी ठेवतात, यंत्रं गंजू नयेत म्हणून."

"बरं, पण तंतू आले कुठून? मी घरचे कपडे यात घातलेच नाहीत. कीर्तनाचे कपडे आमच्याकडे वेगळे धुतात. फक्त कीर्तनाचेच."

"त्यात काय काय होतं?"

"कोट, धोतर, उपरणं. आणि घाम पुसायचे दोन पंचे. नवे कोरे."

"इथेच घोटाळा झाला. कपडे दोन तऱ्हांचे असतात. काही देणारे, काही घेणारे. नवा सुती पंचा हा देणारा. त्यातले सैल तंतू पहिल्या काही धुण्यांत सुटतात. टेरिकॉट, मखमल हे घेणारे. तू देणारा आणि घेणारा एकाच पिंपात कोंबलेस. आणि आपलं यंत्र पाणी जपून वापरतं. भरगच्च पिंपात थोडं पाणी, मग सुटलेले तंतू वाहून जाणार कसे? बरं, खिसे तपासले होतेस?"

ऋजुताने खिशात हात घातला. आतून विस्कटलेल्या कापसाचा गोळा निघाला. अत्तराचा फाया.

"म्हणजे मला वास आला होता तो खराच," फेनू म्हणाला.

"तुला कुठे नाक आहे?"

"संवेदक (बदल टिपणारं साधन) आहे. त्यात हिना अत्तराचा वास नोंदवलेला नव्हता. मी गळती समजून तीन वेळा नळ्या तपासल्या."

तेवढ्यात आजोबा आत आले. कोट पाहून ते हसले. "अगं, देव काय माझा कोट बघायला येणार आहे?"

"देव नाही आजोबा, पण बाकीचे सगळे येणार आहेत. आणि टाळ घेऊन तुमच्या मागे मी उभी असणार. हा कोट कुणी धुतला ते न विचारता कळेल."

"मग फेनूराव, सांगा उपाय. पोर रडवेली झाली."

फेनूने रबरी हातमोजा ओला करून झटकला आणि ऋजुताला दिला. "एकाच दिशेने फिरव, वरून खाली. ओलाव्याने विद्युतभार निघून जाईल आणि तंतूंच्या वळकट्या होतील. त्या उचलून टाक."

ऋजुताने हात फिरवला. तंतूंची पांढरी गुंडाळी तिच्या बोटांखाली जमली आणि तिच्यामागे कोटाचा काळा पट्टा उघडा पडला. मग बाही. मग पाठ. आजोबा शेजारी बसून चाल गुणगुणत राहिले, आणि तिचा हात आपोआप त्या लयीत चालू लागला.

"पुढच्या वेळी?" फेनूने विचारलं.

"खिसे रिकामे करायचे. यंत्राची तंतू अडवणारी जाळी साफ करायची. कोट उलटा करून यंत्रात घालायचा, म्हणजे तंतू लागलेच तरी आतून लागतील. पिंप अर्धंच भरायचं." ती थांबली. "पण आजोबा, कीर्तनाचे कपडे वेगळे हा नियम?"

"तो राहू दे की. कीर्तनाच्या कपड्यांचेच दोन भाग कर, देणारे आणि घेणारे. कीर्तनात आपण ऐकणाऱ्यांना आणि साथ करणाऱ्यांना वेगळं ठेवतोच ना, म्हणून काय सभा मोडते?"

संध्याकाळी कोट चांगला काळा दिसत होता. निरूपणात बुवांचा विषय होता संगत. कुणाच्या सहवासात आपल्याला काय चिकटतं, हे सांगता सांगता ते थांबले आणि मागे वळले.

"ऋजुता, ये पुढे. दुपारी शिकलीस ते या मंडळींना सांग."

तिच्या हातातले टाळ एकदम जड झाले. तरी ती पुढे आली. देणारे आणि घेणारे कपडे, कोरडी हवा, कंगवा, अत्तराचा फाया, तिने सगळं सांगितलं, स्वतःची चूकसुद्धा. फायाच्या वेळी सभागृह हसलं, आणि मग तिचा आवाज मोकळा झाला.

आरतीनंतर आजोबा म्हणाले, "पुढच्या एकादशीला कीर्तनाचा पहिला भाग, पूर्वरंग, तू करायचास."

"तिथी तर चंद्राच्या कलांवरून ठरते. चंद्रावरच राहून एकादशी कुठली धरायची, आजोबा?"

"ते तू आणि फेनूराव मिळून शोधा," ते म्हणाले. "तोच तुझ्या पूर्वरंगाचा विषय."