बिलाचा पाचवा अर्थ

हरिणीच्या इंग्रजी क्लासच्या भिंतीवर ‘स्टिक नो बिल्स’ अशी पाटी होती आणि बरोबर तिच्याच खाली एकजण खळ लावून गाण्याच्या कार्यक्रमाची जाहिरात डकवत होता. भरदुपार होती. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या त्या गल्लीत शहाणा माणूस अशा उन्हात उंबरा ओलांडत नाही.

“वाचता येत नाही का?” तिनं तमिळमध्ये विचारलं.

“येतं की! बिल डकवू नका म्हणतांत. हे बिल नव्हे, नोटीस,” तो इथल्या तंजावरी मराठीत उत्तरला. दारावरचं ‘राव’ त्यानं आधीच वाचलं होतं.

त्याचं नाव साईराम. तिरुवैयारूला त्याचा छापखाना होता. सोमवारी तो क्लासला हजर… बिलाचे अर्थ शिकायला, म्हणे! हरिणीचा विश्वास बसला नाही, पण तिनं नाव लिहून घेतलं.

‘बिल’बद्दल सगळेच विचारतात. हॉटेलात देतात ते, भिंतीवर लावतात ते, संसदेत मांडतात ते… शब्द एकच कसा? साईरामचे प्रश्न मात्र जरा वेगळ्या वळणाचे असत.

“संसदेतलं बिल कायदा कधी होतं, मॅडम?”

“दोन्ही सभागृहांनी होय म्हटल्यावर.”

“म्हणजे दोन्ही घरच्यांनी… आपल्यांत लग्न ठरतं तसंच की!”

क्लास हसला. हरिणी फळ्याकडे वळली. कान तापलेत हे तिला कळलं, आणि ते आवडतंय हेही कळलं.

“पाखराची चोच, तिलाही बिलच म्हणतात,” ती घाईनं म्हणाली.

“आणि चोचीस चोच लावतांत, त्यास?”

“त्यालाही… तेच.”

“हे तुम्ही फळ्यावर लिहिलं नाही.”

“परीक्षेला येत नाही.”

अशात तिच्या वडिलांनी, अप्पांनी, बंगळुरूचं स्थळ आणलं. मंडळी रविवारी पाहायला येणार होती. स्थळात खोट काढायला जागा नव्हती. हो म्हटलं, की क्लास बंद, तंजावूर बंद… आणि साईरामचे ते प्रश्नही बंद. नाही म्हणायला काहीतरी कारण हवं होतं, आणि तिच्याजवळ सांगण्यासारखं एकही नव्हतं.

शुक्रवारी तिनं चाचणी घेतली: बिलाचे अर्थ आपल्या भाषेत लिहा. साईरामनं मराठी लिहिलं, तमिळ अक्षरांत. इथल्या बऱ्याच मराठी घरांत असंच लिहितात, देवनागरी येते कुणाला? चार अर्थ बरोबर होते. पाचव्या ओळीवर ती अडली. ‘मज तुमची —डी लागली.’

तमिळमध्ये क, ख, ग, घ या चौघांना मिळून एकच अक्षर. मग हे कोडी, खोडी, की गोडी? घोडी तिनं लगेच बाद केली. कोडी असेल तर हा नुसता हुशार विद्यार्थी. गोडी असेल तर… चार अक्षरांचं काम एकावर भागवणाऱ्यांचा तिला आयुष्यात पहिल्यांदाच राग आला.

शनिवारी सकाळी ती बसनं तिरुवैयारूला गेली. छापखान्याच्या दारात उभं राहून तिनं कागद पुढे केला.

“मोठ्यानं वाचा.”

त्यानं मशीन बंद केलं. शाईचे हात पुसले, पुन्हा पुसले.

“मज तुमची…”

“पुढे?”

“गो… गोडी लागली.”

“कोडी नव्हे ना?”

“कोडी तर तुम्ही घालतांत. लागली ती गोडी.”

हरिणीनं पर्समधून फोन काढला.

“अप्पा, बंगळुरूच्यांस उद्या येऊ नका म्हणून सांगा… कां म्हणजे? मज एकाची गोडी लागली.”

त्यातला ‘ग’ तिनं अगदी स्वच्छ उच्चारला.