घामपट्टीवरचं निळं कडं

ओटिलीबाईंनी मला बोलावलं ते दुपारच्या कॉफीला. सोबत आलुबुखारचा केक होता. जुन्या लष्करी टोप्या पारखणं हा माझा तीस वर्षांचा धंदा. बाजारातल्या बहुतेक टोप्या नकलीच निघतात, आणि खरं सांगू, समोरच्याचं तोंड उतरलेलं बघायला मला आवडतं.

ही टोपी माळ्यावर सापडलेली. अधिकाऱ्याची, पुढे कवटीचा बिल्ला. तसला बिल्ला लावणाऱ्यांनी छळछावण्यांत काय काय केलं, ते आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. आत कपाळाला टेकणारी चामड्याची घामपट्टी, आणि तिच्याखाली बाईंच्या वडिलांच्या नावाची चिठ्ठी.

"बाबा सैन्यात पाव भाजायचे," चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाई म्हणाल्या. "मरेपर्यंत तेच सांगत होते. ही कुणीतरी मुद्दाम ठेवलीय. परवा मला माझ्या थडग्याची जागा सांगायचीय, टाइलमानसाहेब. टोपी नकली असली, तर बाबांच्या शेजारी निजेन. अस्सल असली, तर नाही."

"आणि मी थाप मारली तर?"

"तर फार उपकार होतील."

"उपकार मी करत नाही, बाई."

मी पडदे ओढले आणि माझा जांभळा दिवा लावला. त्याच्या उजेडात जुना धागा काळाच राहतो, हल्लीचा लख्ख चमकतो. कापड काळं होतं, शिवणही काळी. घामपट्टीवर मात्र निळसर कडं उमटलं.

"चमकतंय! म्हणजे नकली ना? मी म्हटलं नव्हतं!" बाई टाळ्या पिटत हसल्या. तेव्हा मी गप्प बसायला हवं होतं.

पण माझी खोड. मी कड्यावरून बोट फिरवलं. बोट चमकलं, पट्टी काळी पडली.

"हा धागा नाही, घाम आहे. घामही असाच चमकतो. टोपी अस्सल आहे, बाई. तुमच्या बाबांनी कसले पाव भाजले, ते देवालाच ठाऊक."

त्यांचं हसू मावळलं. मला बरं वाटलं. सांगायला लाज वाटते, पण वाटलं.

"सत्तर वर्षांचा घाम... असा बोटाने निघतो?" त्यांनी हळूच विचारलं.

मी बोट बोटावर घासलं. ओलं होतं. कोमट.

कुठून तरी केसांच्या तेलाचा वास यायला लागला.

"मग मी त्यांच्याजवळ निजणार नाही," बाई म्हणाल्या. "उद्याच कळवते तसं." आणि थोड्या वेळाने, "साहेब... खांद्यावरचा हात काढा हो. जड लागतोय."

माझ्या एका हातात दिवा होता, दुसऱ्यात टोपी. मी दिवा तिकडे वळवला. बाईंच्या काळ्या स्वेटरवर पाच निळसर बोटं उमटली होती, आणि ती मानेकडे सरकत होती.

"काढतो हं," मी म्हणालो. टोपी टेबलावर ठेवली, दिवा विझवला आणि चाचपडत दार गाठलं.

"साहेब," मागून बाईंचा आवाज आला, "अजून काढला नाहीत तुम्ही..."