मयताचं काम अप्पांचंच

मी खोटं बोलतच नाही असं नाही. भाजीवाल्याशी बोलते. नणंदेशी तर फोन उचलल्यापासून बोलते. पण हे जे सांगतेय ना, त्यातला शब्द न् शब्द आमच्याच घरात घडलाय. पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या. तुमचं बरं आहे, मला त्याच घरात राहायचंय.

गेल्या जानेवारीतली गोष्ट. नाशिकची कडाक्याची थंडी. आणि वेळ रात्रीची नव्हती हो...

भर दुपारची होती.

माझा नवरा संतोष. नोकरी कंपनीत, जीव नाटकात. त्याने स्पर्धेसाठी एक विनोदी एकांकिका बसवली होती, खुनाची. शेठजी आरामखुर्चीत मेलेले सापडतात. अंगावर चादर. इन्स्पेक्टर येतो आणि घरातले सगळे एकमेकांवर खून ढकलतात. अगदी शेवटी शेठ चादर फेकून उठतात आणि म्हणतात, "कोण म्हणतं मी गेलो?" मेलेलेच नसतात ते. आपल्यामागे कोण रडतं ते बघत पडलेले असतात. टाळ्या, पडदा.

शेठचं काम माझ्या सासऱ्यांचं. नाव कारभारी, सगळे अप्पा म्हणायचे, एसटीतले रिटायर कंडक्टर. नाटकाचं वेड लहानपणापासून, पण गावच्या जत्रेत भाला धरून उभं राहण्यापलीकडे कोणी काही दिलं नाही. हे पहिलं नावाचं काम. मेलेल्या माणसाचं का असेना!

घरची आरामखुर्चीसुद्धा त्यांनीच नाटकाला देऊन टाकली.

सासूबाई लासलगावकडच्या, तोंडाने फटकळ. "तोंडाचं बोळकं झाल्यावर हिरो व्हायचंय व्हय? आन् काम भेटलं तेबी मढ्याचं! त्यातबी लय हरखलेत बघा."

अप्पा नुसते हसायचे.

तालमीत अडचण एकच. अप्पांना चादरीखाली गप्प बसवत नसे. सगळ्यांचे संवाद त्यांना पाठ. आमचा इन्स्पेक्टर म्हणजे सनी, एक नंबरचा विसरभोळा. तो अडकला की चादरीखालून हळूच आवाज यायचा आणि पुढचं वाक्य मिळायचं.

संतोष डोक्याला हात लावायचा. "अप्पा, तुम्ही मेलेले आहात!"

"आरे पन तो अडकला ना. गाडी बंद पडल्यावर कंडक्टरनी झोपून ऱ्हायचं का?"

विंगेत स्क्रिप्ट घेऊन प्रॉम्प्टिंग करायला मी उभी. पण माझ्याआधी मयतच सांगून मोकळं व्हायचं. हसून हसून आमची पोटं दुखायची.

आणि निघताना अप्पांचा मला निरोप ठरलेला. तालमीतून निघोत नाही तर घरातून... "येतो गं, सुवर्णा."

जातो म्हणायचं नसतं आपल्यात. जाणाऱ्याने येतो म्हणायचं. सनी एकदा चुकून "जातो काका" म्हणाला, तर अप्पांनी त्याला जिन्यावरून परत बोलावलं. "येतो म्हन. जातो म्हननाऱ्याची गाडी माघारी येत नाय."

मग एक सकाळ आली. अप्पा दूध आणायला निघाले. दारातून म्हणाले, "येतो गं, सुवर्णा."

कोपऱ्यावरच छातीत कळ आली. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. सासूबाई रिकामं पातेलं घेऊन दारात उभ्या होत्या. अजून डोळ्यांसमोरून जात नाही ते.

दहाव्याला आम्ही रामकुंडावर गेलो. विधी झाले, पिंड मांडला, सगळे मागे सरून उभे राहिलो. तिथे कावळ्यांना काय तोटा? भिंतीवर, तारांवर, सगळीकडे कावळे. पण अप्पांच्या पिंडाला...

एकही शिवेना.

शेजारच्यांचे पिंड शिवून झाले. ते लोक चपला घालून निघालेसुद्धा. आमचा पिंड तसाच.

इच्छा राहिली की कावळा शिवत नाही, हे काय सांगायला पाहिजे का? संतोष हात जोडून पुढे झाला. "अप्पा, आईला काही कमी पडू देणार नाही."

कावळा हलेना.

"अप्पा, गावचं घर विकणार नाही."

हलेना.

"अप्पा, नाटक होईल. नक्की करू."

एक कावळा खाली उतरला. पिंडाजवळ आला, मान वाकडी करून बघितली... आणि मागे सरला.

गुरुजी म्हणाले, आता दर्भाचा कावळा करून लावू या. तेवढ्यात सासूबाई उठल्या. पदर खोचला आणि पिंडाकडे बघून भांडल्यासारख्या ओरडल्या.

"आवो, मढ्याचं काम तुमचंच! दुसऱ्या कोनाला बी देनार न्हाई! शबुद हाय माझा!"

बोलायचा अवकाश. कावळ्याने झडप घातली.

आम्ही रडता रडता हसलो. संतोष मला म्हणाला, "सुटले अप्पा."

मलाही तसंच वाटलं होतं.

सुतक फिटल्यावर तालमी सुरू झाल्या. संतोषने शेठच्या कामासाठी दुसरा माणूस बघितला, तर सासूबाई आडव्या आल्या. "म्या शबुद दिलाय. देऊन बघ कोनाला, मंग बघते तुला."

शेवटी खुर्चीत उशा बसवायच्या ठरल्या. उशांवर शेठचा कोट, वरून चादर. शेवटही बदलला. सनी चादर ओढणार, खाली उशा निघणार, तो ओरडणार, "अरे, शेठ पळाले!" तेही चालण्यासारखं होतं.

पहिल्याच तालमीत सनी अडकला. मी पान शोधत होते. माझं तोंड उघडायच्या आत तो पुढचं वाक्य बोलून गेला. तालीम संपल्यावर विंगेत आला.

"थँक्यू वहिनी. नेमकं वेळेवर सांगितलंत."

मी म्हटलं, "मी?"

मी काही बोललेच नव्हते.

तालमीच्या हॉलमध्ये तेव्हा आम्ही मोजकेच होतो. हर्षाली, म्हणजे नाटकातली शेठाणी, खुर्चीच्या अगदी जवळ उभी असायची. पण दुसऱ्या दिवसापासून तिने आपली जागा बदलली. खुर्चीपासून लांब जाऊन उभी राहायला लागली. संतोष चिडला तर म्हणाली, "दादा, मला तिथे बामचा वास येतो."

अप्पा गुडघ्यांना बाम चोळायचे.

संतोषला हे पटेना. "मनाचे खेळ आहेत," म्हणाला. पण त्यानंतर खुर्चीवरची चादर काढायची झाली की तो मलाच हाक मारायचा. मोठा शूर!

स्पर्धेत आम्हाला दुपारची वेळ मिळाली. आणि नेमका त्या दिवशी सामानाचा टेम्पो द्वारका चौकातल्या ट्रॅफिकमध्ये अडकला. खुर्ची टेम्पोत, चादर टेम्पोत, आम्ही थिएटरच्या दारात. संतोष फोनवर ड्रायव्हरच्या सात पिढ्यांचा उद्धार करतोय. टेम्पो पोचला तेव्हा पहिली घंटा झाली होती.

खुर्ची मी लावली. उशा मी भरल्या. कोट मी चढवला, चादर मी टाकली. हे मुद्दाम सांगतेय. तिथे दुसऱ्या कोणाचा हात लागलेला नाही.

तिसरी घंटा झाली. पडदा उघडला.

सासूबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याचं नाटक बघायला आल्या होत्या.

सुरुवात छान झाली. लोक हसत होते. मग हर्षालीचं रडणं चालू असताना एकदम मोठा हशा आला. तिथे विनोदच नाहीये! मी विंगेतून बघितलं. लोक हर्षालीकडे बघतच नव्हते.

सगळे खुर्चीकडे बघत होते.

मीही बघितलं...

चादर पोटाच्या जागी वर होत होती. खाली जात होती. पुन्हा वर.

वाऱ्याने हलावी म्हणावं तर वर पंखा नव्हता. सगळी दारं बंद.

मग सनी अडकला. नेहमीच्याच जागी. माझे डोळे चादरीवर, पान उलटायचंच राहिलं होतं. आणि खुर्चीतून...

हळूच, खास ओळखीच्या घोगऱ्या आवाजात, वाक्य आलं.

पहिल्या रांगांना ऐकू गेलं. मेलेला माणूस इन्स्पेक्टरला वाक्य सांगतोय! लोक खुर्च्यांवर हात आपटून हसायला लागले. त्यांना वाटलं, बसवलंय तसं. सनीचा चेहरा पांढराफटक पडला होता. तरी पोरगा बोलला. काय करणार बिचारा, स्टेजवर होता.

शेवट आला. सनी चादरीकडे गेला. कोपरा हातात धरला. ओढायचा आणि ओरडायचं, "अरे, शेठ पळाले!" एवढंच.

त्याने ओढली नाही.

चादरीखालून आवाज आला. चांगला खणखणीत, शेवटच्या सीटपर्यंत तिकीट विचारत जाणाऱ्या कंडक्टरचा.

"कोण म्हणतं मी गेलो?"

ब्लॅकआउट.

टाळ्यांनी थिएटर दणाणलं. शिट्ट्या पडल्या. विंगेत मात्र कोणी हललं नाही. दिवे लागले तेव्हा माझी नजर पहिल्या रांगेवर गेली. सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते. सासूबाई तेवढ्या बसून होत्या.

त्यांनी डोक्यावर पदर घेतला होता. अप्पा बाहेरून घरात आले की घ्यायच्या, तसा.

परीक्षक बाई आत आल्या. "ते खुर्चीतले काका कुठायत? काय टायमिंग आहे हो त्यांचं! जरा बोलवा ना."

संतोष म्हणाला, "ते... निघाले."

खुर्ची आवरायला नेहमीप्रमाणे मलाच पुढे केलं. मी डोळे मिटून चादर ओढली. खाली उशाच होत्या. मी ठेवल्या तशाच. फक्त मधोमध खोल खळगा पडला होता, बराच वेळ कोणी बसून उठावं तसा. हात लावला तर...

ऊब होती. आणि बामचा वास.

मला तिथेच रडू फुटलं. भीतीने नाही हो. अप्पांचं काम छान झालं होतं आणि ते ऐकायला अप्पा नव्हते, म्हणून.

संतोषने माझ्या पाठीवर हात ठेवला. त्याचेही डोळे भरलेले. "रडू नको. इच्छा पुरी झाली त्यांची. आता खरंच सुटले."

मी मान हलवली. डोळे पुसले. संतोष उशा घेऊन पुढे गेला. स्टेजवर मी एकटीच राहिले. आणि मागच्या दाराकडून, अगदी सहज, रोजच्यासारखं...

"येतो गं, सुवर्णा."

मी वळून बघितलं नाही. माझी हिंमतच झाली नाही.

घरी येईपर्यंत कोणाला काही सांगितलं नाही. खुर्ची हॉलमध्ये तिच्या जागेवर ठेवली. दिवेलागण झाली. सासूबाई खुर्चीसमोर पाट टाकून बसल्या होत्या. मी दाराला कडी लावायला गेले तर त्यांनी विचारलं, "जाताना काय बोलले का गं तुला?"

मी तर त्यांना काही सांगितलंच नव्हतं.

"आई..."

"सांग की. काय म्हनले?"

"येतो म्हणाले."

त्यांनी खुर्चीच्या हातावरून हात फिरवला. मग हळूच म्हणाल्या, "जातो न्हाई म्हनले?"

"नाही."

त्यांनी पदर नीट केला. चेहऱ्यावर हसू होतं की रडू, मला अजून सांगता येत नाही.

"मंग कडी नको लावू."

तेव्हापासून आमचं दार नुसतं लोटलेलं असतं. संतोष म्हणतो, अशाने एखाद्या दिवशी चोर येईल.

मी म्हणते, चोर आला तर परवडलं.