फ्लेमिंगोचं चुंबक

“मिस्टर ओडेल, ती दुसरी खुर्ची कोणासाठी मांडता?”

हा प्रश्न विचारायची पैज ड्रुसी आणि यारेली या मैत्रिणींनी माझ्याशी लावली होती. “वादविवाद संघात निवड झाली म्हणून मिरवतेस ना, मग जा की,” ड्रुसी म्हणाली. मागच्या वर्षीची मी असते तर पोटात दुखतंय म्हणत सटकले असते. यंदाची मी दप्तर यारेलीच्या हातात कोंबून सरळ चालत गेले.

वाळवंटातल्या क्वार्ट्झसाइट गावच्या आमच्या तळावर हिवाळ्यात शेकडो मोटरहोम, म्हणजे राहायच्या गाड्या, येऊन थांबतात आणि उन्हाळ्याआधी निघून जातात. आम्ही मात्र बारा महिने इथेच असतो. आमच्या गाडीच्या मागे एक काळा चौकोन आहे. तीन वर्षांपूर्वी तिथे एक गाडी पेटली होती. त्या जागेत आजही काच वितळून खडीला चिकटलेली दिसते. तिथे कोणी गाडी लावत नाही. चौकोनाच्या कडेला मिस्टर ओडेल एका छोट्या ट्रेलरमध्ये राहतात आणि रोज दुपारी हिरव्या पट्ट्यांच्या दोन घडीच्या खुर्च्या चौकोनाकडे तोंड करून मांडतात.

ते संत्रं सोलत होते. “अर्लीनसाठी,” ते म्हणाले.

अर्लीन म्हणजे त्यांची बायको. त्या पेटलेल्या गाडीतून ती बाहेर आलीच नव्हती. हे सगळ्या तळाला माहीत होतं, मलाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ते चिडले नाहीत. “बसत नाही फारशी. साडेतीन वाजले की उठते. गाड्यांची मागची झाकणं बघत फिरते.” मग संत्र्याची एक फोड माझ्यापुढे धरून त्यांनी विचारलं, “फ्रीजचं पत्र आलं होतं ना तुमच्याकडे?”

“आलं होतं. बाबांनी डबी बसवून घेतली.”

“आणि तिच्यावर चुंबक?”

मी फोड तोंडात टाकली.

“मीही लावलं होतं,” ते म्हणाले आणि उरलेलं संत्रं खायला लागले.

“काय म्हणाला? काय म्हणाला?” यारेली नाचतच आली.

“बायकोसाठी, म्हणाले.” बाकीचं मी सांगितलं नाही.

आमच्या गाडीतला फ्रीज मोठा गमतीदार आहे. मागे गॅसची ज्योत जळते आणि पुढे बर्फ होतो. मागच्या नळ्यांमध्ये अमोनिया असतो. गेल्या वर्षी कंपनीचं पत्र आलं की या मॉडेलची नळी फुटून आग लागू शकते, म्हणून गाडी आणा, आम्ही फुकट एक डबी बसवून देऊ. मागे फार तापलं की ती डबी फ्रीज बंद पाडते. बसवली. झालं काय, की दुपारी आमच्या गाडीच्या त्या बाजूला ऊन येतं आणि डबी रोज फ्रीज बंद पाडायला लागली. मग बाबांनी तेच केलं जे इथे निम्म्या लोकांनी केलंय. डबीवर ठराविक जागी चुंबक धरलं की डबी सगळं विसरते आणि फ्रीज पुन्हा सुरू होतो. बाबांनी ते तिथेच लावून ठेवलं. आईचं फ्रीजच्या दारावरचं गुलाबी फ्लेमिंगो पक्ष्याचं चुंबक होतं ते.

बाबांना बेफिकीर म्हणू नका. फ्रीजमध्ये आईचं इन्सुलिन असतं. मागच्या सप्टेंबरात दोन दिवस फ्रीज बंद पडला, इन्सुलिन खराब झालं, तेव्हा आईला दवाखान्यात नेताना बाबांनी एकही लाल सिग्नल पाळला नाही. ते मी मागच्या सीटवरून पाहिलंय. फ्रीज दुरुस्त करणारा मिस्त्री मार्चअखेर येणार होता. आणि फ्रीजच्या पाठीला लागून, फक्त एका पातळ फळीपलीकडे, माझा पलंग आहे.

सोमवारी शाळेतून आले तर फ्रीजवर लाल दिवा, म्हणजे फ्रीज बंद. बाबा मागचं झाकण उघडून उभे.

“कॅली, फ्लेमिंगो कुठाय?”

“मला काय माहीत?”

“मग काय उडून गेला?” ते म्हणाले. आई खिडकीतून हसली.

तो मला सापडला. मिस्टर ओडेलच्या दुसऱ्या खुर्चीच्या दांडीला चिकटलेला होता. मी ओढला, तर जोर लावावा लागला. गाडीकडे परतताना अर्ध्या वाटेत माझे पाय थांबले. त्या खुर्च्या अ‍ॅल्युमिनियमच्या आहेत. अ‍ॅल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही, हे मला सातवीपासून माहीत आहे. मी परत गेले आणि फ्लेमिंगो पुन्हा दांडीला लावून पाहिला.

तो खाली पडला.

“म्हाताऱ्याचे उद्योग,” तो कुठे सापडला ते ऐकून बाबा म्हणाले. त्यांनी चुंबक पुन्हा लावलं, वरून चिकटपट्टी मारली आणि झाकणाला चार नवे स्क्रू पिळले. बुधवारी पुन्हा लाल दिवा. चारही स्क्रू जागच्या जागी होते. फ्लेमिंगो खुर्चीवर.

बाबा तरातरा चालत गेले. “हे बघा, माझ्या बायकोच्या जिवाशी खेळ चाललाय तुमचा!”

मिस्टर ओडेलनी मान वर केली नाही. “मी तिला सांगून पाहिलं,” ते म्हणाले. “माझं ती पूर्वीही ऐकत नव्हती.”

बाबा फ्लेमिंगो घेऊन परत आले आणि त्यांनी तो पुन्हा डबीवर पट्टीने चिकटवला. त्या रात्री मी फळीला कान लावून झोपले. पलीकडे ज्योतीचा बारीक आवाज येत होता. एरवी मला तो आवडतो.

शनिवारी आईबाबा बाजारात होते. बाबा तिथे रंगीत दगड विकतात, आई गाड्यांचे पडदे शिवून देते. मी स्क्रू काढले, झाकण बाजूला ठेवलं आणि समोर बादली पालथी घालून बसले. सव्वातीन. फ्लेमिंगो पट्टीखाली डबीवर होता. आतून गरम हवा येत होती आणि तिच्यात एक बारीक वास होता, आई केस रंगवते तेव्हा येतो तसा. खरं तर तो वास मला दोन दिवस पलंगावर येत होता. मला वाटलं होतं उशीचा असेल.

पलीकडे मिस्टर ओडेल हनुवटी छातीवर टेकवून झोपले होते. शेजारच्या खुर्चीचे हिरवे पट्टे मधोमध खाली दबलेले होते.

रिकाम्या खुर्चीचे पट्टे दबत नाहीत.

साडेतीनला ते पट्टे हळूहळू वर आले. सपाट झाले.

वारा पडला होता. खडीवर पावलांचा आवाज झाला नाही. वास मात्र एकदम वाढला, डोळ्यांत पाणी आलं.

चिकटपट्टीचं एक टोक सुटलं. नखाने सोडवतात तसं.

मला पळता आलं असतं. पण मला आतल्या एका नळीवर काहीतरी पिवळं दिसलं. मी आत हात घातला आणि फ्लेमिंगो धरला.

तो निघेना.

मग माझ्या बोटांवर बोटं आली.

गरम, कोरडी. ती मला मागे ढकलत नव्हती. माझ्यासोबत ओढत होती.

खट् करून फ्लेमिंगो सुटला. ज्योत विझली.

नळीच्या जोडावर पिवळट हिरवी पूड साचली होती. नळी फुटली की अशी पूड येते, पत्रात त्याचं चित्र होतं. पुडीत कोणीतरी आधीच बोट फिरवून पाहिलं होतं.

मी गॅसची टाकी बंद केली. दुकानातून बर्फाची पिशवी आणली आणि इन्सुलिन टॉवेलमध्ये गुंडाळून आमच्या बर्फाच्या पेटीत ठेवलं. मग खुर्च्यांपाशी गेले, दोन शब्द बोलले आणि परत येऊन हात धुतला. तीनदा, साबणाने. उजव्या हाताच्या बोटांवरचे चार काळे डाग गेले नाहीत.

आईबाबा पाचला आले. मी हात स्वेटरच्या बाहीत ओढून घेतला आणि दारातच उभी राहिले.

“आधी मागे जाऊन नळी बघा, मग ओरडा,” मी म्हणाले. “आणि मी ठरवलंय. हा फ्रीज पुन्हा पेटवायचा नाही. इन्सुलिन बर्फात आहे, बर्फ रोज शाळेतून येताना मी आणणार. नवीन फ्रीज येईपर्यंत रोज साडेतीनला मी त्या दुसऱ्या खुर्चीवर बसून तळावरच्या गाड्यांवर लक्ष ठेवणार. नंतर एकेका दारावर जाऊन चुंबकं काढायला सांगणार. मी विचारून घेतलंय.”

“मिस्टर ओडेलना?” आईने विचारलं.

“नाही,” मी म्हणाले. “ते झोपले होते.”