समुद्रावरून दिसणारं ऑफिस

"यंत्र बंद पडतं, माझा डोळा नाय," सातपाटीच्या बंदरावर बर्फ भरता भरता आत्माराम तांडेल म्हणाला. चार माणसं ऐकतायत हे बघून त्यानं ते आणखी एकदा म्हटलं.

पुतण्या शैलेश जागा दाखवणारा मोबाईल खिशात टाकत हसला. छोटी बोट दोघांची अर्धी अर्धी, पण सुकाणू काकाकडे. "आज जागा चुकली काका, तर उद्यापासून सुकाणू मी धरणार. तुमी बर्फ फोडायचा."

"कबूल," आत्माराम म्हणाला.

तीस वर्षं त्याची रीत एकच. किनाऱ्यावरची पाण्याची टाकी आणि मागचा उंच ताड एका रेषेत आणायचे, देवळाचा कळस डोंगराच्या खाचेत बसवायचा, की बोटीखाली पापलेट.

नऊच्या सुमारास कळस खाचेत बसला. टाकी दिसली. ताड मात्र दिसेना. त्याच्यापुढे पांढरीशुभ्र पाच मजली इमारत उभी होती.

"ही कधी झाली रं?"

"नकाशाचं सरकारी खातं इकडं येणार म्हणतात ना," शैलेश म्हणाला. "तेच असंल."

ती आवई सहा महिने फिरत होती. मुंबईचं ऑफिस बंद होणार, इथं सुरूच्या बनात नवं होणार. कुणाच्या तरी भाच्यानं कागद स्वतः बघितला होता. पार उमरोळीपर्यंत जमिनींना भाव चढले. रखमाबाईनं सुकट विकायचं सोडून बनात चहाची टपरी टाकली. सगळं आलं होतं, ऑफिस तेवढं आलं नव्हतं.

त्या दिवशी जाळ्यात दोन खेकडे आणि एक चप्पल आली. आत्मारामनं कसाबसा एक दिवस मागून घेतला.

परतल्यावर दोघं थेट बनात गेले. इमारत नव्हती. पायासुद्धा खणलेला नव्हता. वाळूत लाल झेंडी लावलेली एक काठी, आणि शेजारी रखमाबाईची टपरी.

"रोज आठ चहा जातात," ती म्हणाली.

"कोण पितं?"

"मी बघत नाय. मांडून ठेवते, कप रिकामे होतात."

दुसऱ्या दिवशी समुद्रावरून इमारत पुन्हा दिसली. आता खिडक्यांना काचा होत्या. दुसरा कोणी असता तर बोट वळवून घरी गेला असता. पण आत्मारामचं सुकाणू पणाला लागलेलं. त्यानं एक डोळा मिटला, ताडाचा नाद सोडला आणि इमारतीचा डावा कोपरा टाकीला भिडवला.

"टाक जाळं."

पापलेट इतकं आलं की ठेवायला जागा पुरेना. शैलेश मुकाट बर्फ फोडत बसला.

आठवड्यात अर्धं सातपाटी तोच कोपरा धरून जाळी टाकू लागलं. जमिनीवर तिथं काहीच नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बोलत कोणी नव्हतं. मच्छीमार सोसायटीच्या फळ्यावर तर खडूनं लिहिलं गेलं, 'नवीन ऑफिसचा डावा कोपरा सोडू नये.'

"अवो, नसलेली भिंत धरून बोट हाकता तुमी," आत्मारामची बायको माई मासे कापताना म्हणाली.

"मासे खरे हायत ना?"

माईनं एक पापलेट उजेडात धरलं. कातडीवर बारीक चौकोन होते, पट्टीनं आखल्यासारखे.

"जाळ्याचे वळ हायत ते," आत्माराम म्हणाला. जेवताना त्यानं भात आणि डाळच खाल्ली.

नवव्या दिवशी खिडक्यांत माणसं दिसली. सगळी टेबलावर वाकलेली. गच्चीवर एकजण तीन पायांच्या दुर्बिणीमागं उभा होता.

"काका, तो आपल्यालाच बघतोय."

"आपण नाय त्यांना बघत?"

इतक्या लांबून दिसायला नको होतं, पण दिसलं. गच्चीवरच्या माणसानं एक डोळा मिटला. हातानं डावीकडं खूण केली.

का कोण जाणे, आत्मारामनं बोट थोडी डावीकडं घेतली.

मग त्या माणसानं पंजा दाखवला. थांब. आणि खाली बघून काहीतरी लिहिलं.

"चल, घरी चल," आत्माराम म्हणाला.

शैलेशनं इंजिन चालू केलं. मागं पाणी घुसळलं. मोबाईलवरचा जागेचा आकडा हलला नाही.

त्यानं इंजिन पूर्ण ताणलं. आकडा तोच.

ओहोटी लागली. पाणी बोटीच्या दोन्ही बाजूंनी वाहून गेलं, खडकाच्या बाजूनं जातं तसं.

दुपारी गावातल्याच मिथुनची बोट आली. आत्मारामनं हात उंच केला. "मिथुन, दोर टाक."

मिथुनची बोट जवळून पुढं गेली आणि खोल समुद्राच्या बाजूला सावकाश वळली. मिथुननं एक डोळा मिटला. आत्मारामच्या हाताकडं बघितलं, मग त्याच्या मागच्या इमारतीच्या कोपऱ्याकडं.

"बरोबर एका रेषेत आलं," तो खलाशांना म्हणाला. "टाका."

जाळं भरून आलं. ते वर घेऊन मिथुन निघून गेला.

शैलेशनं इंजिन बंद केलं.

"काका, हात खाली घ्या."

आत्मारामला तो घेता आला नाही.