न पाहिलेलं कोनफळ

बाबांची डुकरीण त्या दिवशी दावं तोडून पळाली नसती, तर माझं लग्न कुणाशी झालं असतं हे देवच जाणे.

मी शाळेत निघाले होते. पाचवीला विज्ञान शिकवते मी. भरतकामाचा नवा कोरा परकर, केसांत फूल, सगळं कसं जागच्या जागी. तेवढ्यात ती बया समोरून रस्ता ओलांडून रानात घुसली. मी मागे. वर पाऊस होताच. पॅसिफिक महासागरातल्या आमच्या पोनपेई बेटावर पाऊस थांबला की लोक काळजीने आभाळाकडे बघतात.

उतारावर पाय घसरला. हाताला लागलं ते धरलं. एक वेल होता, नीरफणसाच्या झाडावर चढलेला, करंगळीएवढा जाड. त्याने मला सावरलं... क्षणभरच. मग सर्र्रर्र... आणि निम्मा वेल झाडावरून सुटून माझ्या डोक्यावर, गळ्यात, कानात.

पानांच्या ढिगातून डोकं बाहेर काढलं, तर समोर आमच्याच गावातला दाकियो उभा. खांद्यावर कुजक्या पानांची टोपली, आणि चेहरा असा की जणू मी त्याच्या आईलाच झाडावरून ओढून पाडलंय.

मी झटकन मान वळवली. कारण पायाखाली भुसभुशीत मातीचा उंच ढीग होता, आणि त्या ढिगात काय आहे हे आमच्याकडे लहान मूलही सांगेल. म्हणजे सांगणार नाही. तीच तर गोष्ट आहे! आमचे पुरुष मेजवानीचं कोनफळ रानात लपवून लावतात, लपून पोसतात, आणि वेळ आली की गावाच्या प्रमुखापुढे नेऊन ठेवतात. तोवर दुसऱ्याचं कोनफळ चुकून दिसलंच, तर मान वळवायची. त्याविषयी अवाक्षर काढायचं नाही. ओढ्यावर उघड्याने आंघोळ करणाऱ्याकडे टक लावून बघणं एकवेळ चालेल, पण हे नाही.

"मी काही पाहिलं नाही," कानातलं पान काढत मी म्हणाले.

"काय नाही पाहिलं?"

"जे इथे नाहीये ते."

"इथे काहीच नाहीये," तो म्हणाला. नजर माझ्या गळ्याकडे. "हे गळ्यात काय आहे?"

"हार."

"छान आहे..." तो म्हणाला. "सहा महिने लागले त्याला."

मला हसू आवरेना, आणि त्याला रडू. मग त्याचे डोळे बारीक झाले. "तुला तुझ्या बाबांनी पाठवलं. हो ना, क्लारिना?"

"डुकरिणीने आणलं."

"त्यांचीच ना डुकरीण?"

आता हा संशय का, तर माझे बाबा म्हणजे आमच्या गावातले कोनफळांचे बादशहा. मागच्या मेजवानीला त्यांचं कोनफळ दांड्यांना बांधून आठ जणांनी आणलं होतं. आणि दाकियो आला होता एकटा, हातात टोपली, टोपलीत मनगटाएवढा कंद. सगळे सभ्यपणे छताकडे बघत बसले. बाबा मात्र साकावची, म्हणजे मुळं ठेचून काढलेल्या आमच्या नशिल्या पेयाची, करवंटी खाली ठेवून म्हणाले, "जो आपलं कोनफळ एकट्याने आणतो, त्याने एकट्यानेच राहावं." अख्खी मेजवानी हसली होती. मीही... थोडीशी.

ते हसू पुसायलाच बिचारा हे वाढवत होता. आणि मी त्याचा निम्मा वेल गळ्यात घालून बसले होते.

"असू दे," तो पडलेल्या आवाजात म्हणाला. "वेल गेला तर गेला. खायला तर मी खालून घालतोच आहे." त्याने टोपली मातीवर उपडी केली. "बघ, कसलं सकस कुजलंय!"

"खालून?" माझ्यातली मास्तरीण जागी झाली. "अरे, ते खालून जेवत नाही. वरून जेवतं."

"कोण?"

"जे इथे नाहीये ते!"

"माझे आजोबा—"

"तुझ्या आजोबांचा मान आहेच. मुळं पाणी पितात, कुजलेल्या पानांतलं मीठबीठ घेतात. पण जेवण शिजतं पानांत. ऊन, हवा आणि पाणी, एवढ्यावर पानं साखर रांधतात. घरी खाऊन उरेल ती वेलातून खाली पाठवतात. खालचं ते कोठार आहे, दाकियो. चूल वर आहे."

त्याने वर पाहिलं. मग माझ्या गळ्यात पाहिलं.

"म्हणजे तू माझा अर्धा स्वयंपाक पाडलास."

असं म्हटल्यावर काय करणार? दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी गेले. तिसऱ्या दिवशीही. वेल पुन्हा वर चढवायचा होता. तुटलं ते तुटलं, उरलं ते जास्वंदीच्या सालीच्या दोऱ्यांनी हळूच बांधायचं. तो झाडावर, मी खाली.

"उजवीकडून गुंडाळ!" मी ओरडायचे. "तो ज्या बाजूने वळतो त्याच बाजूने. उलटा गुंडाळलास तर सुटून येईल."

"एवढा हट्टी?"

"हो."

"शिकवणारीवर गेलाय."

दोरा द्यायला मी हात उंच करायचे, घ्यायला तो खाली वाकायचा. दोरा केव्हाच त्याच्या हातात गेलेला असायचा, आणि बोटं मात्र... अजून तिथेच. पानावरून थेंब घरंगळून माझ्या नाकावर पडायचा. "पडलं," तो म्हणायचा. "काय?" "पाणी." मग दोघंही उगाचच वेलाकडे बघायचो, जो आम्ही अर्थातच बघत नव्हतो.

पण पानं निम्मीच राहिली होती, आणि त्यातही नीरफणसाची दाट सावली. "आहेत त्या चुलींना तरी भरपूर ऊन मिळू दे," मी म्हणाले. "बाजूच्या फांद्या छाट." त्याने छाटल्या. सकाळपासून दुपारपर्यंत कोयता चालवला. रानात स्वच्छ ऊन उतरलं, पानं झळाळली. मी टाळ्या वाजवल्या.

आणि मग आम्हाला रस्ता दिसला.

म्हणजे रस्त्यालाही आम्ही दिसलो. चर्चला जाणाऱ्या हमरस्त्यावरून आता ते झाड, तो वेल, ती माती, सगळं ठळक दिसत होतं. मी धपकन खाली बसले. माझ्या ज्ञानाने त्याची अब्रू चव्हाट्यावर आणली होती.

रविवारी गावाची सभ्यता पणाला लागली. आख्खं गाव त्या वळणावर आलं की डावीकडे मान वळवायचं. पुढच्याने मान वळवली की मागचा त्याच्यावर आदळायचा. लिगोरिया मावशी चालता चालता थेट फादरांच्या पोटावर. "माफ करा फादर, मी समुद्र बघत होते." "मीसुद्धा, मुली," फादर म्हणाले. त्या बाजूला समुद्र नाही, शौचालय आहे. सोमवारी मासळीचा टेम्पो गटारात गेला. ड्रायव्हरने पोलिसांना सांगितलं, मी समोर बघत होतो. पोलिसाने मान डोलावली आणि त्याच वळणावर आपली मोटारसायकल कुंपणात घातली.

बुधवारी संध्याकाळी बाबा घरी आले ते कमरेपर्यंत चिखलाने माखून.

"काय झालं हो?" आईने विचारलं.

"ओढ्यात पडलो."

"रोजच्या रस्त्याला?"

"वळणावर... डावीकडे बघत होतो." बाबा बराच वेळ पाय धूत राहिले. मग स्वतःशीच पुटपुटले, "उजवीकडे काहीतरी आहे, जे मी पाहिलेलं नाही."

"काय आहे?" मी निरागसपणे विचारलं.

"मोठं आहे," बाबा म्हणाले, आणि त्या रात्री जेवले नाहीत.

एव्हाना आमचं प्रकरण गावच्या कुजबुजीत पोचलं होतं. कोनफळाबद्दल बोलायला लोकांना बंदी होती, माझ्याबद्दल नव्हती. बाबांनी मला समोर बसवलं.

"पोरी, मेजवानी झाली की तू ग्वाम बेटावर आत्याकडे जायचंस. तिच्या दुकानात माणूस हवंय."

"आणि मला इथेच कुणी हवं असलं तर?"

"तर त्याने माझ्या कोनफळाशेजारी आपलं कोनफळ ठेवावं. आणि शेजारी म्हणजे शेजारी. बाजूला टोपलीत नव्हे."

मी दाकियोला सांगितलं. तो मातीवर हात ठेवून बसला. माती तडकली होती, आतून काहीतरी फुगत असल्यासारखी.

आणि मेजवानी जवळ आली तेव्हाच तो शाळेत धावत आला. वर्ग चालू असताना. ओलाचिंब.

"मेला!" दारातूनच ओरडला. "पिवळा पडला. पानं गळतायत. संपलं सगळं, क्लारिना... तू ग्वामला जा."

पाचवीचा वर्ग एका सुरात खिडकीबाहेर बघायला लागला. संस्कार चांगले आहेत आमच्याकडे.

मी त्याला व्हरांड्यात ओढला. "सगळी पानं पिवळी? एकदम नाही ना? खालून वर, हळूहळू?"

"हो. का?"

"वेड्या, तो मेला नाहीये. स्वयंपाक आटोपला त्याचा. पानांत होतं नव्हतं ते सगळं खाली पाठवलंय, आता चुली विझवतोय. वेल वाळतो म्हणजे कोठार भरलं."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मला घंटा देण्याचं भान राहिलं नाही. "खरं?"

"पुस्तकात तरी तसंच आहे."

"आणि पुस्तक चुकलं तर?"

"तर मी आत्याच्या दुकानात बसेन. कधी सांबरासारखा धावत आलास, तर बिस्किटं स्वस्तात देईन."

तो हसला. पहिल्यांदाच तो इतक्या जवळून हसला.

खणायला त्याचे भाऊ आले, मग चुलत भाऊ, मग चुलत भावांचे मेव्हणे. कारण कोनफळ संपेचना! एका बाजूने खणावं तर दुसरीकडे वळलेलं, तिकडे जावं तर आणखी खाली उतरलेलं. ओरखडा उठू नये म्हणून शेवटी हातांनी माती काढली. बाहेर आलं तेव्हा ते कोनफळ वाटत नव्हतं. नखं-बोटं असलेला कुणी झोपलेला राक्षस वाटत होता.

मेजवानीच्या घरात बाबांचं कोनफळ आधीच प्रमुखांसमोर ठेवलं होतं. साकावची मुळं दगडांवर ठेचली जात होती, टण् टण् टण्. डुकरं भाजली जात होती. आणि बाहेरून गलका आला.

दांडे घेऊन बारा जण येत होते. बारा! मध्ये ते, पानांनी सजवलेलं. मी बायांच्या रांगेत बसून नखं खात होते. उंबऱ्यापाशी चिखल होता. पुढच्याचा पाय घसरला, त्याने शेजाऱ्याची कंबर धरली, शेजाऱ्याने दांडा सोडला... आणि बाराच्या बारा जण, दांडे, पानं आणि कोनफळ असे सगळे घसरत घसरत आत आले. दगडावरचं ठेचणं थांबलं. कोनफळ फरपटत येऊन थांबलं ते थेट बाबांच्या कोनफळाला खेटून. साधं शेजारी नाही, अगदी गळ्यात गळा.

आणि बाबांच्यापेक्षा चांगलं हातभर लांब.

दाकियो चिखलातून उठला, कपाळ पुसलं, आणि रीतीप्रमाणे मान खाली घालून म्हणाला, "लहानसंच आहे. माफ करा."

प्रमुख आधी गालात हसले, मग पोट धरून हसले, मग सगळं घर हसलं. मागच्या वर्षीसारखं नव्हे. हे हसू छप्पर उचलणारं होतं. त्यांनी तिथल्या तिथे दाकियोला किताब दिला, पहिल्या करवंट्यांपैकी एक त्याच्या हातात ठेवली. माझी आई टाळ्या वाजवत उभी राहिली आणि बाबांनी बघितल्यावरही बसली नाही.

बाबा उठले. कोनफळाभोवती एक फेरी मारली. आता बघायला परवानगी होती, आणि त्यांनी वर्षभराचं बघून घेतलं. मग वाकून वरच्या टोकाला, जिथून वेल फुटतो त्या शेंड्याला, बोट लावलं.

"हा शेंडा..." बाबा म्हणाले. "मला लावायला देशील?"

बाबांनी जन्मात कुणाकडे बियाणं मागितलं नव्हतं.

दाकियोने आधी माझ्याकडे पाहिलं. "आमच्या घरातला शेंडा आम्ही बाहेरच्याला देत नाही, काका."

बाबांनी करवंटी घेतली. प्यायली. तोंड पुसलं.

"मग मला बाहेरचा कशाला ठेवतोस?"

गलका उठला तेव्हा आम्ही दोघं कोनफळाच्या आडोशाला होतो. आडोसा पुरेसा मोठा होता. तो कोयत्याने शेंडा कापत होता, आणि मी त्याच्या हातावर हात ठेवला.

"याला फुलं येतात ना?" त्याने विचारलं.

"येतात बारीकशी. पण बी कधी धरत नाही. हा एवढा तुकडा मातीत गेला की पुन्हा आख्खं उगवतं. त्याला दुसरं कुणी लागत नाही."

"मास्तरीणबाई..."

"काय?"

"मला लागतं." कान लाल झाले त्याचे. "म्हणजे... तू. मला तू लागतेस."

"एवढं सांगायला इतके महिने लावलेस?"

"मी हळूहळू वाढतो."

"वाढतोस ना? मग झालं." मी म्हणाले. "मलाही तूच लागतोस, दाकियो."

तेवढ्यात कोनफळाच्या पलीकडून बाबा गरजले, "अरे, लाडात नंतर या! तो शेंडा आधी सावलीत ठेवा, सुकू दे जरा. जावई म्हणवतो आणि एवढंही कळत नाही!"